खांद्यावरची लेक

गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दूध प्यायला जी माणसं कट्ट्यावर यायची, त्यांच्या लेखी आकाराम पैलवान, त्याच्या दोन म्हशी आणि त्याच्या खांद्यावर बसलेली शालन ही सगळी मिळून एकच ओळख होती. धार काढायला बसताना तेवढा तो पोरीला खाली उतरवायचा, कट्ट्यावर घोंगडं अंथरून त्यावर ठेवायचा, घोंगड्याचं टोक तिच्या पायांवर ओढून घ्यायचा आणि धार काढून झाली की पुन्हा उचलून मानेवर घ्यायचा. सात वर्षांची पोर, पण तिचे पाय रस्त्याला कधी लागले नव्हते. आकारामला याचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते त्या अभिमानापायीच झालं.

कोल्हापूरच्या माणसाला कुस्तीतलं सगळं कळतं, आणि कुस्तीत जे खरं ते जगात सगळीकडं खरं असं त्याला वाटतं. मैदानात जो जिंकतो त्याला लोक खांद्यावर घेतात, हलगी कडाडते, कोणीतरी फेटा बांधतं आणि त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत. जो हरतो तो कपडे काखोटीला मारतो आणि अंगावरची माती झाडत आपल्या पायांनी कडेकडेनं बाहेर पडतो. त्याच्याकडं कुणी बघत नाही. आकारामनं तरुणपणी दोन्ही भोगलं होतं. मोठा पैलवान तो कधीच झाला नाही. पण पंचक्रोशीतली मैदानं त्यानं मारली होती, आणि एकदा जयसिंगपुराजवळच्या एका जत्रेत लोकांनी त्याला खांद्यावरून गावभर मिरवलं होतं. लग्न झालं, म्हशी आल्या, तालीम सुटली. खांद्यावर बसण्याची ती चव मात्र त्याच्या मनातून गेली नाही.

अडुसष्ट साली शालनला ताप आला तेव्हा ती नुकती कुठं पावलं टाकायला लागली होती. ताप उतरला, तिला उभी करायला गेले, तर पाय ओल्या पंच्यासारखे लोंबले. शेजारणी म्हणाल्या, वारं गेलं अंगावरनं. आकारामच्या जुन्या तालमीतल्या पिराजी वस्तादांनी तेल लावून पाय रगडले, देवऋषी झाला, अंगारा झाला. शेवटी थोरल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोलिओ म्हणून सांगितलं. गेलेलं बळ परत आणायचं औषध जगात कुठंच नाही हेही आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि आकारामच्या बायकोला, तानाबाईला, समोर बसवून शिकवलं. पोरीला रोज पालथी घालायची, गुडघे दाबून सरळ करायचे, झोपताना पायांना लाकडाच्या फळ्या बांधायच्या. पाय सरळ राहिले तर पुढं लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती उभी राहील, चालेल, शाळेला जाईल. आखडले तर यातलं काही होणार नाही.

तानाबाई काही दिवस नेटानं करत राहिली. पोर जीव तोडून किंचाळायची. त्या दुखऱ्या पायांना हात लावला तरी तिला सोसायचं नाही, आणि इथं तर ते दाबायचे होते. गोठ्यात म्हशीखाली बसलेल्या आकारामच्या कानावर ते रडणं यायचं आणि त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. एके दिवशी तो शेणानं भरलेल्या हातांनी तसाच आत आला, बायकोच्या हातातून पोर काढून घेतली, फळ्या माळ्यावर भिरकावल्या आणि म्हणाला, "माझी पोर रडायची न्हाय. मी हाय तंवर तिला पाय कशाला लागत्यात?"

त्यानं तिला खांद्यावर घेतली. पोर गप्प झाली आणि थोड्या वेळानं बापाचे कान धरून हसायला लागली. तानाबाईनं नंतर भांडून पाहिलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर तिलाही ते रडणं ऐकवत नव्हतं. घर शांत झालं, आणि शांत झालेल्या घरात फळ्यांचं नाव पुन्हा कोण काढणार?

तेव्हापासून सकाळचा रतीब घालायला आकाराम निघाला की एका हातात किटली आणि खांद्यावर शालन. दुधाचं माप तिच्या हातात. घर आलं की तीच वरून हाळी द्यायची, "दू...ध!" आणि तिची हाळी माडीवरच्या खोल्यांपर्यंत जायची. एवढ्या उंचावरून तिला जे दिसायचं ते रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला दिसत नव्हतं. कुणाच्या खिडकीत मांजर व्यालंय, कुणाची सून रुसून बसलीय, सगळं तिला ठाऊक. बायका भांडं घेऊन दारात यायच्या, पोरीच्या हातात गुळाचा खडा ठेवायच्या आणि म्हणायच्या, बाप असावा तर असा. ते कौतुक आकाराम दुधापेक्षा जपून घरी न्यायचा.

पायांवरचा फ्रॉक मात्र तो सदा खाली ओढलेला ठेवायचा. अंघोळ घालताना तानाबाईला दिसायचं की गुडघे आता पुरते उघडत नाहीत. ती सांगायची, आणि तो म्हणायचा, बूट आला की होतील सरळ, लोखंडापुढं काय टिकतंय.

एका संध्याकाळी कट्ट्यावर एक बाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेर, पांढरं पातळ, हातात काठी, आणि डाव्या पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत गेलेल्या लोखंडी पट्ट्या, खाली जाड तळाचा काळा बूट. मुलींच्या एका शाळेत शिकवणाऱ्या कालिंदीबाई त्या. त्यांनी पेलाभर दूध घेतलं, उभ्यानंच संपवलं, आणि मग मिशीवर फेस असल्यासारखे पदरानं ओठ पुसून म्हणाल्या की दुधासाठी नव्हे, पैलवान, तुमच्यासाठी आले.

काम असं होतं. त्यांच्या ओळखीचे मिरजेचे एक हाडांचे डॉक्टर पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी कोल्हापुरात यायला तयार होते. बूट बनवणारा कारागीरही ते सोबत आणणार होते. मुलांची मापं घ्यायची, महिन्याभरानं बूट आणून घालायचे, आयांना व्यायाम शिकवायचा. शाळेनं हॉल दिला होता. अडचण होती ती मुलांचीच. मुलं सापडत नव्हती. बाई काठी टेकत पेठापेठांतून हिंडल्या होत्या आणि प्रत्येक दारात एकच उत्तर मिळालं होतं, आमच्यात तसलं कुणी न्हाय. पोरीचं लग्न व्हायचंय, थोरल्याची सोयरीक मोडेल, लोक काय म्हणतील. त्यापायी ही मुलं आतल्या खोलीत, पोत्यावर, वर्षानुवर्षं. आकाराम रतिबाच्या निमित्तानं घराघरांत जातो, त्याला ठाऊक असेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

आकारामला खरं तर काहीच ठाऊक नव्हतं. तो दारातून दूध घालून पुढं जायचा. पण घोंगड्यावरून शालन म्हणाली, "मला ठावं हाय की. बुरूडगल्लीत एक पोरगी हाय, खिडकीतनं बोलती माझ्यासंगं. ती बी माझ्यावानी. आनि पिठाच्या गिरणीवर एक पोरगं, त्याला तर नुसतं रांगता येतंय."

आणखीही तिनं सांगितली. कालिंदीबाई ऐकत राहिल्या. सहा महिने हिंडून त्यांना जे जमलं नव्हतं ते या पोरीनं बापाच्या खांद्यावरून करून ठेवलं होतं. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, हिचे पाय बघू जरा. आकारामनं घोंगडं ओढून घेतलं. बघायचं ते डॉक्टरच बघतील, म्हणाला. बाई नवख्या, समोर चार माणसं दूध पीत उभी, त्यांनी जोर केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आकाराम या कामाला लागला आणि त्यानं जिवाचं रान केलं. त्याची पद्धत साधी होती. दारात उभं राहायचं आणि खांद्यावरच्या पोरीकडं बोट दाखवायचं. लाज कसली धरता, माझी बघा, डोक्यावर घेऊन अख्ख्या गावातनं फिरतोय. कालिंदीबाईंच्या तोंडावर ज्यांनी दार लावलं होतं ते आकारामला चहा पाजायला लागले. मास्तरीण बाईचं ऐकायला माणसाला कमीपणा वाटतो, पैलवानाचं ऐकायला वाटत नाही. आमच्या गावाचं हे असं आहे. त्यापायी आमचं किती नुकसान झालंय याचा हिशेब कुणी केला नाही.

बुरूडगल्लीतल्या पोरीचा बाप तयार झाला. गिरणीवरचा पोरगा येणार म्हणाला. कबनूरहून मामाकडं आणून ठेवलेला कापडाचा माग चालवणाऱ्याचा एक पोरगाही सापडला. आकारामच्या मागच्याच गल्लीत सयाजी राहायचा, उद्यमनगरात फौंड्रीत कामाला. त्याचा गुंडू दोन वर्षांचा, मागच्याच पावसाळ्यात तापात सापडलेला. सयाजी तेवढा ऐकेना. आमच्या पोराला काय झालं न्हाय, वारं हाय, उतरंल, म्हणाला, आणि डॉक्टरचं नाव काढू दिलं नाही. पण आकारामचं एक त्यानं उचललं. चार-आठ दिवसांत तोही गुंडूला खांद्यावर घेऊन गल्लीतून हिंडायला लागला. इतके दिवस आईच्या पदराआड ठेवलेलं पोर उन्हात आलं. आकारामनं ते पाहिलं आणि कट्ट्यावर येईल-जाईल त्याला सांगत सुटला की बघा, माझ्यामुळं एक घर उघडलं.

शालनला तर दिवस जाता जाईनात. तिनं आईकडून लाल फीत आणवून घेतली होती, बुटाला बांधायला. शाळेत कुठल्या बाकावर बसायचं हेसुद्धा तिचं ठरलेलं होतं.

ठरलेल्या रविवारी शाळेचा हॉल भरला. बाकं जोडून डॉक्टरांसाठी टेबल केलं होतं. कडेला दोन बाकं समोरासमोर लावून मधून मुलांना धरून चालायला वाट केली होती. आई-बाप भिंतीला टेकून, पोरांना मांडीवर घेऊन, एकमेकांच्या पोरांच्या पायांकडं चोरून बघत बसले होते. आपल्यासारखं घर दुसरंही आहे, हे त्यातल्या कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. पहिलं कुणाला घ्यायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळेच म्हणाले, पैलवानाच्या पोरीला. तिचा मान पहिला. आकाराम शालनला खांद्यावर घेऊन हॉलच्या मधून चालत गेला. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी शालनला बाकावर उताणी झोपवली. पाठ टेकली, पण गुडघे वरच उभे राहिले. त्यांनी गुडघ्यांवर तळहात ठेवून हळूहळू दाबलं, तर पोरीची कंबर बाकावरून कमानीसारखी उचलली गेली. कंबर खाली दाबली, तर गुडघे पुन्हा वर. तिला कुशीवर वळवून पाहिलं, पालथी घालून पाहिलं. पालथी तिला होताच येईना. शालन दात-ओठ खाऊन गप्प होती, कारण रडलं तर बूट देणार नाहीत अशी तिची समजूत होती.

डॉक्टरांनी विचारलं की ही रांगते का. नाही. खाली बसून सरकते का. नाही, आकाराम म्हणाला, आमच्यात तिला खाली सोडतच नाहीत. मग दिवसभर असते कुठं?

"माझ्या खांद्यावर," आकाराम म्हणाला. म्हणताना त्याची छाती नेहमीसारखीच पुढं आलेली होती.

डॉक्टरांनी पोरीच्या गुडघ्यावरचा हात काढला. चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा घातला. कालिंदीबाई टेबलाच्या टोकाला उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. आकारामला काहीतरी चुकलंय एवढंच कळलं, काय ते कळेना. मग डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं, पण हॉल मोठा आणि आवाज घुमणारा, तेव्हा बाजूला घेतलं काय नि न घेतलं काय.

"हे बघा, मी तुम्हाला दोष देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पाय असे दुमडून राहिले की आतल्या शिरा आखडतात, आणि वाढतं हाडही तसंच वाकतं. खुब्यातही तेच झालंय. हिला बूट बसणार नाही."

आकारामनं विचारलं की शिरा सोडवता येत नाहीत का, कितीबी जोर लावा, मी धरतो. डॉक्टर म्हणाले की जोराचं काम आता राहिलं नाही. ते पहिल्या वर्षा-दोन वर्षांत होतं, आणि तेव्हाही जोराचं नव्हतंच, रोजचं होतं. आता हाड कापून सरळ करायची वेळ आलीय. तेसुद्धा पोर मोठी झाल्यावर, आणि करूनही ती उभी राहील असं ते सांगत नव्हते. तोवर आहे त्याहून आखडू नये म्हणून तिला सपाट जमिनीवर ठेवा, जमेल तशी पालथी घाला, आणि खांद्यावर अजिबात घेऊ नका.

बाकावरून शालननं विचारलं, "माझं माप कवा घ्यायचं?"

तानाबाईनं पुढं होऊन तिचा फ्रॉक खाली ओढला आणि तिला उचलून भिंतीकडं नेलं. पहिला नंबर मिळाल्याचा हा असा तोटा झाला. पुढची सगळी मुलं त्यांना बसून बघावी लागली. उठून जावं तर सगळ्यांना बोलावून आणणारा आकारामच. गिरणीवरच्या पोराचा एक गुडघा थोडा वाकला होता, पण डॉक्टर म्हणाले, होईल. कबनूरच्या पोराची मापं घेतली. बुरूडगल्लीतली पोरगी, जी जन्मात खिडकीपलीकडं आली नव्हती, तिचे पाय सडपातळ काड्यांसारखे पण सरळच्या सरळ होते. तिची आजी रोज रात्री तिला पाय लांब करून निजवायची आणि पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवायची. कारागिरानं सोबत आणलेल्या जुन्या बुटांतला एक तिला तात्पुरता बांधून पाहिला आणि दोन बाकांच्या मध्ये उभी केली. ती उभी राहिली. लटपटली, हात सोडला, पुन्हा धरला. हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शालननंही वाजवल्या. आकारामला मात्र आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना.

घरी जाताना त्यानं तिला दोन्ही हातांवर आडवी घेतली. वाटेत लोक विचारत होते, पैलवान, आज लेक खाली कशी? तो पावलं उचलत राहिला. शालनची लाल फीत हॉलमध्येच कुठंतरी पडली होती आणि तिनं ती मागितली नाही.

घरी आल्यावर तानाबाईनं माळ्यावर चढून त्या जुन्या फळ्या काढल्या. वीतभर लांबीच्या, दीड वर्षाच्या पोरीच्या मापाच्या. त्या तिनं चुलीपाशी ठेवल्या, आणि आकाराम उंबऱ्यावर बसला होता त्याच्याकडं पाठ करून म्हणाली, "मी तिला रडवत हुते. तुमी तिला हसवत ठिवलंसा."

एवढंच. आवाज चढला नव्हता. या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं असं आकारामला आयुष्यभर वाटत राहिलं.

त्यानंतर त्यानं कट्टा सोडला. म्हशी पिराजी वस्तादांच्या पुतण्याबरोबर पाठवायला लागला. रतीब घालायचा तो मान खाली घालून, हाळी न देता, दारावर नुसती कडी वाजवून. बायका विचारायच्या, शालन कुठाय. बरं न्हाय तिला, एवढंच सांगायचा. सयाजीची गल्ली तर त्यानं टाळायलाच सुरुवात केली. लांबून गुंडू बापाच्या मानेवर डुलत येताना दिसला की हा दुसऱ्या बोळात शिरायचा. सयाजीला गाठून सांगायला हवं हे त्याला कळत होतं. पण सांगायचं काय? ज्या गोष्टीसाठी अख्ख्या गावानं वाहवा केली तीच पोरीच्या मुळावर आली, हे स्वतःच्या तोंडानं सांगायला जीभ रेटत नव्हती. मैदानात चीतपट होणं सोपं, तिथं निदान समोर दुसरा असतो.

महिन्याभरानं बूट आले. कालिंदीबाई घरी आल्या तेव्हा आकाराम गोठ्यात बसून होता. बाईंनी त्याची समजूत वगैरे घातली नाही. त्या म्हणाल्या की नुसत्या बुटांनी भागत नाही, मुलांचे पाय रोज सरळ करावे लागतात, आयांना ते पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. शाळेचा हॉल दर आठवड्याला मिळणार नाही, आणि लोक येतील तर पैलवानाच्याच घरी येतील. आकाराम म्हणाला की माझं तोंड कुणाला दाखवायसारखं राहिलेलं नाही, दुसरं कुणी बघा.

"तुम्हाला रडायचं असेल तर रडा," कालिंदीबाई म्हणाल्या. "पण रविवारी अंगण सारवून ठेवा."

अंगण तानाबाईनं सारवलं. रविवारी माणसं आली. घोंगडी अंथरली, मुलं पालथी घातली, आणि कालिंदीबाई मधे स्टुलावर बसून एकेका आईला सांगायला लागल्या, हात इथं ठेव, झटका नको, दाबून धर, मी आकडे म्हणते तोवर सोडायचं नाही. मुलं रडायला लागली. सगळी एकदम. गोठ्यात आकाराम म्हशींच्या पाठी उगाचच खरारत राहिला. शालनचं घोंगडं अंगणाच्या कडेला होतं. तिला पालथी होता येत नव्हतं म्हणून तानाबाईनं तिच्या पोटाखाली उशा रचल्या होत्या, आणि त्या उशांवर हनुवटी टेकून ती इतरांचे पाय बघत होती. बुरूडगल्लीतली पोरगी नव्या बुटानं भिंत धरून चालत तिच्यापाशी आली, थोडा वेळ घुटमळली आणि परत गेली.

असे काही रविवार गेले. एका रविवारी फाटकातून सयाजी आत आला. गुंडू खांद्यावर, बापाचे केस मुठीत धरून खिदळत होता. एवढी माणसं दिसली म्हणून आलो, म्हणाला. गोठ्याच्या दारात आकारामला बघून त्याचा चेहरा फुलला.

"बघा की, पैलवान," तो म्हणाला, "तुमच्यावानीच. आता खाली ऱ्हायलाच मागत न्हाय."

आकारामला मागं सरायला जागा नव्हती. मागं म्हशी होत्या. तो बाहेर आला, अंगणभर माणसं बघत होती त्यांच्यामधून चालत सयाजीपर्यंत गेला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. गुंडू हसतच त्याच्याकडं झेपावला. आकारामनं त्याला खांद्यावर घेतलं नाही. खाली, शालनच्या शेजारी घोंगड्यावर पालथा घातला आणि कालिंदीबाई सांगायच्या तसा गुडघ्यामागं तळहात ठेवून दाबला.

गुडघा खाली गेला. थोडा अडला, पण गेला. पोराची कातडी मऊ होती, आतली शीर अजून ऐकत होती. शालनचे पाय सहा वर्षं त्याच्या छातीवर होते, रोज त्याच्या हातात होते. त्यांना कधीतरी असं सरळ करता आलं असतं, हे त्याला आता तळहातातून कळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं पुसलं नाही, कारण हात मोकळा नव्हता.

गुंडूनं टाहो फोडला. सयाजी धावला, त्यानं आकारामचा दंड धरला. "सोडा, पैलवान. रडतंय पोरगं."

"रडू दे," आकाराम म्हणाला. मग मान वर करून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सयाजी, माझी पोर म्या खांद्यावर ठिवली म्हनून तिला बूट बसला न्हाय. दुसरं काय कारन न्हाय. माझं बघून शिकू नगंस."

सयाजीची पकड सैल झाली. तो खाली बसला आणि पोराचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं, पण पाय सोडवायला गेला नाही. कालिंदीबाई आकडे म्हणत राहिल्या.

शालननं उशीवरून मान वळवली. बापाचा हात आणि त्या हाताखालचा गुंडूचा सरळ झालेला पाय ती बराच वेळ बघत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "माझं असं का न्हाय केलंसा?"

आवाजात राग नव्हता. माहीत नसलेली गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं होतं. पलीकडं तानाबाईनं हातातली उशी तशीच धरून ठेवली.

"तू रडत हुतीस, बाळा," तो म्हणाला.

शालननं गुंडूकडं बघितलं. त्याचं नाक वाहत होतं, तोंड लाल झालं होतं, आणि तो बापाच्या मांडीत डोकं खुपसून ओरडत होता.

"ह्यो बी रडतोय की," ती म्हणाली.

आकडे अजून संपायचे होते, आणि आकारामनं हात उचलला नाही.